विणल्यावाचून

स्वेटर पुरा झाला तरी लोकर पुरी होत नाही. लोकर रंगवण्याची प्रत्येक खेप थोडी वेगळी उतरते. दोन खेपांतला मोतिया रंग दुकानात सारखाच वाटतो, पण पाठीच्या मध्यावर जोड आला की पट्टा उठून दिसतो आणि तो काही केल्या लपत नाही. म्हणून जाणती विणणारी एकाच लॉटमधले गोळे एकदम घेते आणि वर एखादा जास्तच घेते. गोळ्याच्या कागदी पट्टीवर लॉटचा क्रमांक छापलेला असतो तो याचसाठी. महाराष्ट्रात थंडी बेताची, त्यामुळे अंगभर स्वेटरपेक्षा बाळंतविड्यातली टोपरी, मोजे, झबली आणि रुखवतातल्या शोभेच्या वस्तूच जास्त विणल्या जातात. एका टोपऱ्याला गोळ्यातली थोडीच लोकर लागते. राहिलेले गुंडे पिशवीत जातात, दरवर्षी त्यांत भर पडते आणि कोणत्याही एका रंगाची लोकर एका वस्तूला पुरेल इतकी कधीच नसते.

सुयांवर असो की क्रोशावर, एका फासातून दुसरा फास ओढून काढला की ते विणकाम झाले. बोटांवर किंवा लाकडी रिळावर खिळे ठोकून जी नळी विणतात तिला सुया लागत नाहीत, पण फासातून फास निघतोच, म्हणून तीही याच घरातली. हे सगळे वगळले तरी बरेच काही उरते: गुंडाळणे, बांधणे, कापणे, वेणी घालणे, उभ्या धाग्यांतून आडवा धागा ओवणे, चिकटवणे, टाके घालणे आणि साबणपाण्यात मळून नमदा करणे. यातले बहुतेक प्रकार सुयांवरच्या विणकामाहून पुष्कळ जुने आहेत. त्यांना ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या खात्यात टाकणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

काय करायचे हे ठरवण्याआधी पिशवीत काय आहे ते पाहायला हवे. लोकर म्हणून दुकानात जे मिळते त्यातले बरेचसे मेंढीच्या अंगावरचे नसते. ते ॲक्रिलिक, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांचा धागा. ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीने 1950 मध्ये ‘ऑर्लॉन’ या नावाने त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. आपल्याकडे तो ‘कॅशमिलॉन’ या जपानी व्यापारनावाने जिभेवर बसला. त्याला कसर लागत नाही, तो टोचत नाही आणि स्वस्त पडतो, म्हणून बाळाच्या कपड्यांना तोच पसंत केला जातो. पट्टी हरवलेल्या गोळ्याची जात ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. बोटभर धागा चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून, ज्योतीला लावायचा. मेंढीची लोकर नाइलाजाने जळते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की विझते आणि मागे राहिलेली काळी राख बोटांनी चुरडली जाते. ॲक्रिलिक भरभर पेटते, काळा धूर सोडते, वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. मिश्र धागा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी वागतो, त्याला ॲक्रिलिकच समजावे.

एवढ्याने निम्मे निर्णय होऊन जातात. नमदा फक्त खऱ्या लोकरीचा होतो. गरम कढईखाली ठेवायचे आसनही खऱ्या लोकरीचेच हवे, कारण ॲक्रिलिक उष्णतेने मऊ पडून भांड्याला चिकटते. उलट दारावरच्या तोरणाला ॲक्रिलिक बरे. उन्हापुढे टिकण्यात त्याच्या तोडीचे धागे थोडे आहेत. खरी लोकर उन्हात पिवळी पडते आणि कमजोर होते.

दुसरी वर्गवारी लांबीची. बोटभर तुकडे भरावाला, वीतभर गोंड्यांना आणि गोधडीच्या गाठींना, हातभर टाक्यांना आणि वेण्यांना, त्याहून लांब ते मागाला आणि आकाशकंदिलाला. रंगांची वर्गवारी मात्र सर्वांत शेवटी करावी. आधी रंग जुळवत बसले की पिशवी पुन्हा बंद होते.

गोंडा हा या सगळ्यांतला सर्वांत सोपा आणि महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेला प्रकार. पोळ्याच्या आधीच्या बाजारात झुली, बाशिंगे, घुंगरमाळा आणि कासरे यांच्या शेजारी रंगीत लोकरीच्या गोंड्यांचे घोस टांगलेले असतात. दक्षिण महाराष्ट्रात हीच सजावट बेंदराला दिसते. बंजारा स्त्रियांच्या भरतकामात आरसे आणि कवड्यांच्या जोडीला लोकरीचे गोंडे असतात आणि चालताना ते हलतात. दूरच्या देशांतही गोंड्याला मान आहे: फ्रेंच नौदलाच्या खलाशाच्या टोपीवर लाल गोंडा असतो, तर ग्रीसच्या एव्झोन सैनिकांच्या जोड्यांच्या टोकांवर काळा. शिस्तीत उभ्या असलेल्या सैनिकाच्या पायावर एवढा थोरला गोंडा पाहून परदेशी पाहुण्यांना हसू आवरत नाही, पण तो गणवेशाचा भाग आहे.

गोंडा करायला पुठ्ठ्याच्या दोन सारख्या चकत्या लागतात. चकती 8 सेंटिमीटर व्यासाची असेल तर मधले भोक 3 सेंटिमीटरच्या आसपास ठेवावे. भोक लहान ठेवले तर गोंडा विरळ होतो, फार मोठे ठेवले तर लोकर जास्त खर्ची पडते आणि गोळा अंडाकृती होतो. दोन्ही चकत्या एकावर एक ठेवून भोकातून लोकर आतबाहेर गुंडाळत जायचे. लांब धाग्याची गरज नाही. वीतभर तुकडे एकापुढे एक घेतले तरी चालतात, फक्त प्रत्येक टोक बाहेरच्या कडेला यायला हवे. भोक जवळजवळ बुजेपर्यंत हे चालू ठेवायचे. घाई होते ती इथेच. गोंडा दाट होणे सगळे या शेवटच्या फेऱ्यांवर असते. मग बाहेरच्या कडेने दोन चकत्यांच्या फटीत कात्रीचे टोक घालून लोकर गोलाकार कापायची आणि त्याच फटीतून दोरा नेऊन करकचून निरगाठ मारायची. हा दोरा लोकरीचा नसावा. लोकर ताणली जाते, गाठ सैल बसते आणि महिन्याभरात गोंडा गळू लागतो. दुहेरी सुती किंवा नायलॉनचा दोरा घेतला की प्रश्न मिटतो. चकत्या काढल्यावर गोंडा ओबडधोबड दिसतो. त्याला हातात फिरवत, सगळ्या बाजूंनी थोडे थोडे कातरून गोल करावे लागते. खऱ्या लोकरीचा गोंडा किटलीच्या वाफेवर धरला की फुलतो. ॲक्रिलिकला वाफ दाखवली तर धागा कायमचा लुळा पडतो.

नखाएवढा गोंडा हवा असेल तर चकतीऐवजी जेवणाचा काटा पुरतो. त्याच्या दातांवर लोकर गुंडाळायची, मधल्या फटीतून दोरा घालून बांधायची आणि दोन्ही बाजू कापायच्या. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. त्या बैलाच्या शिंगांना आणि गळ्याला हेच गोंडे शोभतात. मोठे गोंडे जाळीच्या कापडाला एकमेकांना खेटून बांधत गेले की पायाखालचे आसन होते. यात लोकर भरपूर खपते आणि रंग जुळवायची गरज पडत नाही. उलट जितके रंग जास्त तितके आसन खुलते. जागा अडवणारी पिशवी रिकामी करणे एवढाच हेतू असेल तर याच्याइतका उपयोगी दुसरा प्रकार नाही.

वेणी सगळ्यांना येते, पण तीन पेडांची वेणी चपटी होते. गोल, भरीव गोफ हवा असेल तर पुठ्ठ्याची अष्टकोनी चकती घ्यावी, मधोमध पेन्सिल जाईल एवढे भोक पाडावे आणि आठही बाजूंच्या मध्यावर एक-एक खाच द्यावी. हातभर लांबीचे सात धागे एकत्र गाठ मारून गाठ भोकातून खाली सोडायची आणि धागे सात खाचांत अडकवायचे. आठवी खाच रिकामी राहते. रिकामी खाच आपल्याकडे करून उजवीकडून तिसरा धागा उचलायचा, मधल्या दोन धाग्यांवरून आणून रिकाम्या खाचेत बसवायचा आणि नव्याने रिकामी झालेली खाच आपल्याकडे येईल अशी चकती फिरवायची. एवढ्या एकाच कृतीची पुनरावृत्ती केली की भोकातून खाली गोफ उतरत जातो. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे दहा मिनिटांत जमते, आणि पुढे ते मूल बोलत-बोलत, चकतीकडे न बघताही गोफ काढते. परकराच्या नाड्या, पिशवीचे बंद आणि राखीचे गोफ असे होतात. जपानमध्ये याच तत्त्वावरच्या गोफाला कुमिहिमो म्हणतात; तिथे तो लाकडी चौरंगावर, धाग्यांना वजने बांधून आणि पुष्कळ जास्त पेड घेऊन करतात.

गुंडाळण्याच्या कामाला सर्वांत वरच्या पायरीवर नेले ते मेक्सिकोतल्या विशारिका लोकांनी. बाहेरचे लोक त्यांना हुइचोल म्हणतात. सिएरा माद्रे ऑक्सिदेंताल या डोंगररांगेत, मुख्यतः हालिस्को आणि नायारित या राज्यांत, त्यांची वस्ती आहे. दोन काड्या फुलीसारख्या बांधायच्या आणि प्रत्येक काडीला एक वेढा देऊन पुढच्या काडीकडे जायचे, असे करत मध्यापासून बाहेरपर्यंत रंगीत चौकोन वाढत जातो. स्पॅनिशमध्ये याला ‘देवाचा डोळा’ अशा अर्थाचे नाव आहे. तो शोभेचा नसतो, मुलाच्या रक्षणासाठी देवापुढे ठेवायचा असतो, आणि पाच वर्षांचे होईपर्यंत मुलाच्या दर वर्षाचा एक डोळा त्यात वाढवण्याची रीत आहे. जगभरच्या शाळांतल्या हस्तकलेच्या तासाला तो पोचला, तेव्हा हा अर्थ वाटेत गळून पडला.

याच लोकांची लोकरीची चित्रेही आहेत. फळीवर मधमाशांचे मेण आणि चिडाची राळ यांचा थर देतात आणि त्यावर लोकरीचा धागा अंगठ्याने दाबत बसवतात. आधी आकृतीची कड, मग कडेच्या आत तिला समांतर दुसरी ओळ, तिसरी ओळ, असे करत पृष्ठभाग संपूर्ण भरतात. कुठे फळी दिसली तर काम अर्धवट समजावे. पूर्वी ही लहान नवसाची चित्रे होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती विक्रीसाठी मोठी होऊ लागली. होसे बेनितेस सांचेस या कलावंताचे 1980 मधले भव्य लोकरचित्र मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे. घरी मेणाऐवजी फेव्हिकॉल चालतो; पुठ्ठ्यावर एका वेळी दोन बोटे रुंदीलाच तो लावावा, नाहीतर धागा पोचण्याआधी वाळतो. कोयरी, मोर, सूर्यफूल असे ठसठशीत कडांचे आकार या पद्धतीला मानवतात. नाकडोळ्यांचे बारकावे लोकरीत मागू नयेत. याच रीतीने जाड कापडावर केलेली रांगोळी दरवर्षी उलगडून दारात मांडता येते, मात्र ती उंबऱ्याच्या आतच ठेवावी. हा डिंक पाण्याने सुटतो.

सरळ रेषांतून वक्र काढण्याचा खेळही लोकरीचा आहे. त्याची जोड मेरी एव्हरेस्ट बूल (1832–1916) या इंग्रज गणितशिक्षिकेशी आहे. तर्काच्या बीजगणितामुळे प्रसिद्ध झालेल्या जॉर्ज बूल यांची ती पत्नी, आणि ज्यांचे नाव हिमालयाच्या सर्वोच्च शिखराला दिले त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. मुलांना भूमिती हातांनी कळावी म्हणून तिने भोके पाडलेल्या कार्डांवर धागा ओवायला लावला. काटकोनात दोन रेषा आखून प्रत्येकीवर सारख्या अंतरावर दहा भोके पाडावीत. एकीची भोके कोपऱ्यापासून मोजावीत, दुसरीचीही तशीच. मग पहिल्या रेषेचे 1 दुसरीच्या 10 शी, 2 हे 9 शी, 3 हे 8 शी असे जोडत जावे, म्हणजे प्रत्येक जोडीची बेरीज 11 येईल. सगळे धागे सरळ असतात, तरी त्यांच्या कडेने एक बाकदार रेषा उमटते आणि ती परवलयाची असते. यासाठी दोन पदरी पातळ लोकर घ्यावी. जाड लोकरीत वक्र बुजतो.

पुठ्ठ्याचा माग लांब तुकड्यांसाठी आहे. वहीच्या पुठ्ठ्याएवढ्या तुकड्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडून त्यांत सुती दोरा ताणून बसवायचा. हे झाले उभे धागे. बोथट सुईत लोकर ओवून ती एकाखालून, एकावरून अशी न्यायची आणि परतताना उलट करायचे. रंग संपला की दुसरा घ्यायचा. पहिल्यांदा करणाऱ्यांचा तुकडा मध्यावर हमखास आवळतो आणि डमरूसारखा होतो. आडवा धागा प्रत्येक ओळीत ताणून बसवल्याचा हा परिणाम. धागा सरळ न ओढता कमानीसारखा सैल सोडावा आणि मग फणीने खाली ठोकावा, म्हणजे उभ्या धाग्यांना वळसे घालायला लागणारी जास्तीची लांबी त्याला मिळते आणि कडा सरळ राहतात.

गोल आसनासाठी गोल पुठ्ठा घेताना खाचांची संख्या विषम ठेवावी: 15 किंवा 17. सम संख्या घेतली तर दुसऱ्या फेरीत धागा पहिल्या फेरीच्याच वाटेने जातो, वर असलेला वरच राहतो आणि वीण धरत नाही. विषम संख्येत प्रत्येक फेरीला आपोआप पालट होतो. भरतकामातल्या गुलाबाचे गुपितही हेच आहे. कापडावर एका बिंदूतून पाच टाके किरणांसारखे घालायचे आणि लोकर कापडात न टोचता त्या पाचांच्या खालून-वरून फिरवत राहायचे. पाच-सहा फेऱ्यांत पाकळ्या भरतात. जुन्या साडीच्या किंवा मॅटीच्या कापडावर असे गुलाब आणि लेझी डेझी टाक्याची पाने काढली की हातभर तुकड्यांचे सोने होते.

लोकरीने सुती कापडावर मोजून टाके घालण्याची भारतातली सर्वांत देखणी परंपरा निलगिरीतल्या तोडा स्त्रियांची आहे. जाड पांढऱ्या सुती कापडावर लाल आणि काळ्या लोकरीने, छापील नक्षी न घेता, कापडाचे धागे मोजत त्या भरतकाम करतात आणि ते इतके दाट होते की पाहणाऱ्याला विणलेले वाटावे. या कामाला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दोनच रंगांत एवढे साधते हे उरलेल्या लोकरीच्या पिशवीपुढे बसलेल्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे; तिथे अडचण बहुधा रंग कमी पडण्याची नसून जास्त असण्याची असते.

गोधडीला धावदोरा घालायला वेळ नसेल तर गाठींची गोधडी करता येते. वरचे कापड, मधले जुने धोतर किंवा साडी आणि खालचे कापड एकावर एक पसरून दर 10–12 सेंटिमीटरवर जाड सुईने लोकर आरपार काढायची, वर आणून निरगाठ मारायची आणि दोन टोके बोटभर ठेवून कापायची. वीतभर तुकडे इथे पुरतात. याला ॲक्रिलिक घ्यावे. खऱ्या लोकरीच्या गाठी धुण्यात आवळतात आणि कापडाला चुण्या पडतात.

लोकरीचा आकाशकंदील शाळेच्या हस्तकलेतून घरोघर पोचला. फुगा फुगवायचा, फेव्हिकॉलमध्ये थोडे पाणी मिसळून पातळ लोकर त्यात भिजवायची आणि फुग्याभोवती सगळ्या दिशांनी गुंडाळायची. वाळल्यावर फुगा फोडून काढायचा. काम बिघडते ते वाळण्याच्या वेळात. दुपारच्या उन्हात फुगवलेला फुगा रात्रीच्या गारव्यात आकसतो आणि ओली जाळी त्याच्याबरोबर आत ओढली जाते. म्हणून फुगा संध्याकाळी, सावलीत फुगवावा आणि पंख्याखाली टांगून वाळवावा. फुग्याला तेल किंवा व्हॅसलीन चोळण्याची पद्धत आहे, पण त्याने रबर कमकुवत होऊन तो अवेळी फुटू शकतो. स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म फुग्यावर लपेटणे जास्त भरवशाचे. आत एलईडीचाच दिवा हवा. पणती, मेणबत्ती किंवा तापणारा जुना बल्ब नको, कारण ॲक्रिलिक कसे पेटते ते ज्योतीच्या परीक्षेत दिसलेले असते.

नमदा हा प्रकार मात्र निव्वळ मेंढीच्या लोकरीचा. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर खवले असतात आणि सगळ्यांची तोंडे तंतूच्या टोकाकडे असतात. कोमट साबणपाण्यात खवले उघडतात. चोळले की तंतू एकाच दिशेने सरकतात, मागे येऊ शकत नाहीत आणि एकमेकांत अडकत जातात. स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला की बाहुलीला बसेल एवढा होतो तो यामुळेच. मध्य आशियातल्या भटक्या लोकांनी हाच गुण हेरून तंबू, बुटांचे अस्तर आणि खोगिरे केली. सायबेरियातल्या अल्ताय डोंगरांत, पाझिरिक येथील बर्फाळ थडग्यांत सुमारे 2,300 ते 2,500 वर्षांपूर्वीचे नमद्याचे पडदे आणि नमद्याचे भरीव हंस सापडले आणि आज ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. भारतात काश्मीर, कच्छ आणि राजस्थानातले टोंक नमद्यासाठी ओळखले जाते.

घरी नमद्याचा चेंडू करता येतो. खऱ्या लोकरीचे तुकडे घट्ट गुंडाळून गोळा करायचा, जुन्या पातळ मोज्यात घालून तोंड बांधायचे आणि हाताला सोसेल इतक्या गरम साबणपाण्यात चोळायचा, पिळायचा, पुन्हा चोळायचा. मोज्यातून काढल्यावर धाग्याची टोके दिसेनाशी झाली असतील तर चेंडू झाला. मशीनमध्ये धुता येते असे पट्टीवर लिहिलेली लोकर वापरली तर तासभर चोळूनही काही होत नाही, कारण तिचे खवले कारखान्यातच रासायनिक प्रक्रियेने बोथट केलेले असतात. आटलेला स्वेटरही फेकू नये. नमदा झालेले कापड कुठेही कापले तरी उसवत नाही, त्यामुळे त्यातून भांडी धरायचे चौकोन, कपाखालच्या चकत्या आणि चपलांचे आतले तळवे थेट कात्रीने काढता येतात.

एवढे झाल्यावर भुगा उरतो. तो टाचण्यांच्या गादीत किंवा खेळण्यात भरावा. मुठीएवढ्या खेळण्यात पुष्कळ भुगा मावतो. चिमण्यांना घरट्यासाठी म्हणून तो झाडावर टांगण्याची हौस मात्र करू नये. पिल्लांच्या पायांना धागे आवळतात आणि पाय निकामी होतात. ॲक्रिलिकचा उपयोग वारंवार धुवाव्या न लागणाऱ्या वस्तूंत करण्याला आणखी एक कारण आहे. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये हिशेब मांडला, की सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू पाण्यात जाऊ शकतात. त्याच चाचणीत पॉलिएस्टरचा आकडा पाच लाखांच्या आत होता. तोरण, लोकरचित्र आणि कंदील नुसते झटकले तरी भागते.

उरल्यासुरल्या लोकरीला पुन्हा वापरात आणण्याचे काम मोठ्या प्रमाणावर कारखाने करतात. यॉर्कशरमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ याने 1813 मध्ये चिंध्या पिंजून त्यांची पुन्हा लोकर काढली, आणि हरियाणातल्या पानिपतमध्ये जगभरच्या जुन्या गरम कपड्यांची घोंगडी-ब्लँकेटे याच मार्गाने होतात. घरातला मूठभर भुगा तिथवर जाणार नाही. खऱ्या लोकरीचा भुगा कुंडीतल्या मातीत मिसळावा. तो सावकाश कुजतो, ओल धरतो आणि झाडाला नायट्रोजन देतो. ॲक्रिलिकचा कुजत नाही, तो सुक्या कचऱ्यात टाकावा.